‘जीव नकोसा वाटतो काय?’ ह्या प्रश्नाचे माप

उन्हाळ्याच्या अखेरीस आम्ही शहापूर तालुक्यातील एका पाड्यावर गेलो होतो. भातसा व तानसा ह्या तलावांचे पाणी मुंबईस पोहोचविणाऱ्या ह्या तालुक्यात त्या दिवसांत पाड्यांवरील स्त्रिया मात्र टँकरची वाट पाहत हंडे मांडून बसलेल्या असतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. एका घराच्या ओट्यावर गावची आशाताई कागद घेऊन बसली होती. तंबाखू खाता काय, खोकला किती दिवसांचा, कमरेचा घेर किती, असे प्रश्न आटोपल्यावर कागदाच्या शेवटी दोन प्रश्न मनासंबंधी होते. गेल्या दोन आठवड्यांत कामात गोडी वाटेनाशी झाली होती काय, व मन खिन्न किंवा निराश होते काय. ते विचारून झाल्यावर आशाताईने कागदावर नसलेला तिसरा प्रश्न स्वतःच्या बुद्धीने घातला. घरातील म्हातारीस ती म्हणाली, “आजी, जीव नकोसा वाटतो का गं?”

म्हातारी हसली. “नकोसा म्हंजे काय पोरी? आता देवानं उचललं तर बरंच. गुडघं चालत नाहीत, डोळं दिसत नाहीत. किती दिस राहायचं?”

तोच प्रश्न सुनेस केला. सून विशीपंचविशीची होती. तिने एकदा सासूकडे पाहिले, हंड्याची कड बोटाने पुसली, आणि म्हणाली, “नाही ताई. मला काय झालंय?”

परत येताना वाटेत आशाताईने आम्हांस विचारले, “दादा, म्हातारीचं ‘होय’ मी लिहिलं आणि सुनेचं ‘नाही’. पण मला वाटतं उलट लिहायला पाहिजे होतं. मग कागद खरा का मी खरी?”

आमच्या मते ह्या साध्या प्रश्नात पंडितांच्या पुष्कळ ग्रंथांचे सार आहे. मनुष्याच्या अंतःकरणात मरणाचा विचार घर करीत आहे किंवा नाही, हे चार प्रश्नांच्या कागदाने कळते काय? आणि कळो अथवा न कळो, असा कागद घेऊन शेजाऱ्याच्या ओट्यावर जाण्याचा अधिकार आपणांस आहे काय? पहिला प्रश्न विद्येचा वाटतो व दुसरा नीतीचा. परंतु हे दोन प्रश्न एकमेकांपासून सोडवून घेता येत नाहीत, असे आम्हांस पुढे दिसून येईल.

मापास दोन गुण लागतात. भात मोजावयाची पायली घ्या. एकच रास आज मोजली, उद्या मोजली, बापाने मोजली, लेकाने मोजली, तरी माप तितकेच भरले, तर त्या पायलीवर भरवसा ठेवता येतो. ह्यास विद्वान विश्वसनीयता म्हणतात. पण लबाड दुकानदाराची पायलीदेखील रोज तितकेच मोजते! तिचा बूड आतून वर उचललेला असतो, एवढेच. ती दररोज एकसारखे खोटे बोलते. म्हणून दुसरा गुण पाहिजे, तो असा की, जे मोजतो म्हणून आपण म्हणतो तेच ते माप मोजीत असले पाहिजे. ह्यास यथार्थता म्हणतात. पहिला गुण असून दुसरा नसणे ही गोष्ट फार साधारण आहे, आणि फार धोक्याची आहे, कारण एकसारखेपणास आपण सहज खरेपणा समजतो.

एलीयाची गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक आहे. रानात झुडुपाखाली बसून त्याने मरण मागितले. पुढे डोंगराजवळ त्यास एकच प्रश्न दोन वेळा विचारण्यात आला, की तू येथे काय करितोस. आणि दोन्ही वेळा त्याने अक्षरशः एकच उत्तर दिले, त्यात हेही होते की, मीच काय तो एकटा उरलो आहे. विश्वसनीयता म्हणाल तर ह्याहून अधिक ती कोठे मिळणार? दुसऱ्या वेळेस एक शब्दही ढळला नाही. तरी ते उत्तर वस्तुस्थितीस धरून नव्हते. सात हजार उरले होते. परंतु त्याच्या मनाची अवस्था त्या उत्तराने पूर्णपणे सांगितली. म्हणजे तेच उत्तर एका गोष्टीचे माप म्हणून खोटे व दुसऱ्या गोष्टीचे माप म्हणून अगदी खरे. आणि प्रश्नाच्या आधी त्यास काय मिळाले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यास झोप व भाकर मिळाली, तीही दोन वेळा.

आता कागदाकडे येऊ. आजकाल जगभर जो कागद सर्वांत जास्त चालतो तो नऊ प्रश्नांचा असून अमेरिकेतील स्पिट्झर, क्रोएन्के व विल्यम्स ह्यांनी तयार केला. त्याची परीक्षा २००१ साली प्रसिद्ध झाली. प्रत्येक उत्तरास शून्यापासून तीनपर्यंत अंक, एकूण अंक २७. त्यातील नववा प्रश्न मरणाचा आहे. मेलेले बरे, किंवा स्वतःला काही इजा करावी, असे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस आले, असा त्याचा आशय. पहिले दोन प्रश्न तेवढे वेगळे काढून जो लहान कागद होतो, तोच आशाताईच्या पत्रकाच्या शेवटी आहे. सहापैकी तीनांहून अधिक अंक पडले तर त्या मनुष्यास पुढे दाखवावयाचे. ह्याशिवाय १९७९ साली अमेरिकन वैद्य बेक ह्यांच्या मंडळींनी केलेली १९ कलमांची मोजणी आहे. कोलंबिया विद्यापीठात तयार होऊन २०११ साली प्रसिद्ध झालेली, पायरीपायरीने विचारण्याची पद्धत आहे. आणि २०१२ साली मुलांसाठी केलेला चार प्रश्नांचा अगदी आटोपशीर कागद आहे.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो. आशाताईचे पत्रक तीस वर्षांवरील माणसांसाठी आहे, आणि त्यातील दोन प्रश्नांत मरणाचा शब्द नाही. उलट, पोलिसांच्या नोंदींवरून दरसाल जो सरकारी अहवाल निघतो त्याप्रमाणे २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसांनी आपला जीव दिला, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. आणि देशातील ह्या मृतांपैकी सुमारे एक तृतीयांश अठरा ते तीस ह्या वयातील होते. तेव्हा ती विशीतील सून पत्रकाच्या हिशेबी ओट्यावर नव्हतीच. आशाताईने तिला विचारले ते पत्रकाबाहेर जाऊन. पत्रक करणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही; ते साखर, रक्तदाब अशा रोगांसाठी झाले व मन त्यास मागाहून जोडले गेले. पण माप कशासाठी घडविले होते हे विसरले, म्हणजे बूड वर उचललेल्या पायलीस वेगळा सोनार लागत नाही.

भाषेची अडचण ह्याहून मोठी आहे. मराठी मनुष्य मरणाचे नाव दिवसातून दहा वेळा घेतो. मरणाचे ऊन पडते, पोरे जीव खातात, कामाने मेलो म्हणतो, मेल्याहून मेल्यासारखे होते. आई लेकरावर रागावून म्हणते, मी मेले म्हणजे कळेल. ह्यांपैकी कशातही मरणाची इच्छा नाही. आणि ज्याच्या मनात ती खरोखरच आहे, तो पुष्कळदा मरणाचे नावच काढीत नाही. तो म्हणतो, आता कशात राम राहिला नाही, सुटलो असतो तर बरे, माझे ओझे कोणावर नको, पोरांना सांभाळा. मुरबाडकडील एका शेतकऱ्याने आपल्या भावास एवढेच सांगितले होते की, बैल तू ने, मला आता काय करायचे आहेत. भावास ते विचित्र वाटले आणि त्याने रात्री त्यास सोडले नाही, म्हणून तो शेतकरी आज आहे. कागदावर हे वाक्य कोठे लिहावे, त्यास किती अंक द्यावे?

नवव्या प्रश्नाची बांधणीच अशी आहे की, म्हातारीचे ‘देवाने उचलावे’ व तरुणाचे ‘मी जीव देणार’ ह्या दोहोंस एकच खण आहे. म्हातारीच्या बोलण्यात थकवा आहे, कदाचित दुखणे आहे, घरात कोणी विचारीत नाही ही खंतही असेल. तिची उपेक्षा करावी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. वृद्धांचे ‘देवाने न्यावे’ पुष्कळदा मागणेच असते, फक्त ते देवाकडे नसून सुनेकडे असते. पण मरण येवो असे वाटणे आणि मरण आणावे असे वाटणे ह्यांत अंतर आहे. कोलंबियाची पद्धत हेच अंतर ओळखण्यासाठी आहे. निजलो तो पुन्हा उठू नये असे वाटते काय, येथून ती आरंभ करते; मग स्वतः जीव देण्याचा विचार आला काय; आला तर कसे व केव्हा हे मनात ठरविले आहे काय; करण्याचा निश्चय आहे काय; पूर्वी कधी केले होते काय. एकेक पायरी उतरत जावे तसे ते प्रश्न आहेत, व प्रत्येक पायरीवर भय वाढते. आमच्या आशाताईस कोणी हे शिकविले नव्हते, तरी तिच्या मनाने म्हातारीस वरच्या पायरीवर व सुनेस खालच्या पायरीवर ठेविले होते.

शिवाय, ‘गेल्या दोन आठवड्यांत अर्ध्याहून अधिक दिवस’ हे मोजमाप कोणाच्या जिभेवर आहे? पाड्यावर दिवस मोजतात ते बाजाराने, सणाने, मजुरीच्या चुकाऱ्याने. दोन बाजार झाले त्यांत किती रात्री झोप लागली नाही, असे विचारले तर कातकरी बाई नेमके सांगते. मूळ कागद लिहितावाचता येणाऱ्याने एकट्याने भरावा म्हणून केलेला होता. तो आपल्याकडे दुसऱ्याने मोठ्याने वाचून, चारचौघांत, उत्तर ऐकून भरला जातो. ह्याने कागदाची जातच बदलते. वाचणारीचा आवाज, तिची घाई, ती कोणाची कोण लागते, हे सर्व मापात मिसळते. दोन बायांनी एकाच घरी विचारले तर दोन उत्तरे येतील, आणि त्यात खोटे कोणीच बोललेले नसेल.

दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडचे कित्येक आदिवासी कुटुंबकबिल्यासह वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडी परततात. आज विचारलेल्या माणसास महिन्याने पुन्हा विचारून माप ताडून पाहावे म्हटले, तर माणूस तेथे नसतो. आणि असला तरी? हिवतापाच्या रोग्याचा ताप सकाळी उतरतो व संध्याकाळी चढतो, म्हणून तापमापकास कोणी खोटे म्हणत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधात दिवसातून अनेक वेळा विचारले असता असे आढळले की, जीव देण्याचा विचार काही तासांतच पुष्कळ कमीजास्त होतो. तेव्हा दोन वेळची उत्तरे जुळली नाहीत, ह्यावरून कागद नादुरुस्त असा निकाल देता येत नाही. आणि सकाळचे ‘नाही’ संध्याकाळपर्यंत पुरेल अशीही हमी नाही.

पण समजा, कागद चांगला आहे, शब्द आपल्या बोलीतले आहेत, विचारणारी मायाळू आहे. तरी हिशेब काय सांगतो ते पाहू. वर सांगितलेल्या चार प्रश्नांच्या कागदाची परीक्षा अमेरिकेतील तीन इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत १० ते २१ वर्षांच्या ५२४ जणांवर झाली. ज्यांच्या मनात खरोखर धोक्याचा विचार होता अशा शंभरांतील सुमारे ९७ त्याने ओळखले, व ज्यांच्या मनात नव्हता अशा शंभरांतील सुमारे ८८ त्याने मोकळे सोडले. (खरोखर होता हे कशावरून ठरविले? दुसऱ्या एका लांब कागदावरून! मनाच्या मापाचे अंती असेच होते, एका शब्दाची साक्ष दुसरा शब्द देतो.) हे फार उत्तम माप झाले. आता असे मानू की एका गावी हजार माणसे आहेत व त्यांतील दहा धोक्यात आहेत. कागद दहाही पकडील. पण उरलेल्या ९९० पैकी शंभरी बारांहून किंचित अधिक ह्या हिशेबाने सुमारे १२३ माणसेही चाळणीत अडकतील. म्हणजे १३३ जणांपुढे खूण पडली, आणि त्यांत खरे दहा. तेरांत एकाहूनही कमी. चाळण वाईट नाही. तांदळात खडे थोडे असले म्हणजे चाळणीत कणीच जास्त यावयाची.

आपल्या शेजारच्या गोव्यात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेतही असाच अनुभव आला. सरकारी दवाखान्यांत आलेल्या रोग्यांवर असे पाच लहान कागद एका लांब मुलाखतीशी ताडून पाहिले. पाचही कामाचे निघाले. परंतु त्यांनी खूण केलेल्या शंभरांत खरे दुखणाईत ५१ ते ७७ एवढेच होते. आणि ते केवळ उदासी व चिंता ह्यांविषयी, जी गोष्ट गावात पुष्कळ आढळते. विरळ गोष्टीच्या शोधात चाळण ह्याहून अधिक चुकणार हे उघड आहे.

मग तो कागद भविष्य तरी सांगतो काय? अमेरिकेत ८४,००० हून अधिक रोग्यांची उत्तरे व पुढील वर्षातील त्यांचे वर्तमान ताडून २०१३ साली असे प्रसिद्ध झाले की, नवव्या प्रश्नास ‘मुळीच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी हजारी चार जणांनी वर्षभरात जीव देण्याचा प्रयत्न केला, व ‘जवळजवळ रोज’ म्हणणाऱ्यांपैकी शंभरी चार जणांनी. दहापट अंतर! ज्या प्रश्नाने दहापट अंतर दिसते तो निरर्थक खास नव्हे. परंतु तेच आकडे उलटे धरून पाहा. ‘रोज’ म्हणणाऱ्या शंभरांतील ९६ जणांनी तसे काही केले नाही. आणि ‘नाही’ म्हणणारे संख्येने इतके अधिक असतात की, हजारी चार म्हटले तरी पुष्कळ माणसे त्यांच्यातूनच जातात. २०१७ साली पन्नास वर्षांतील ३६५ शोधांची एकत्र तपासणी झाली, तेव्हा असे ठरले की, कोण जीव देईल हे सांगण्यात आजवरच्या खुणा नाणे उडवून सांगण्याहून फारशा बऱ्या नाहीत. इंग्लंडातील वैद्यकीय मार्गदर्शन ठरविणाऱ्या सरकारी संस्थेने २०२२ साली स्पष्ट लिहिले की, पुढे कोण काय करील हे वर्तविण्यासाठी, अथवा कोणास उपचार द्यावा व कोणास देऊ नये हे ठरविण्यासाठी, असे कागद वापरू नयेत.

येथे कोणी म्हणेल, मग फाडून टाका तो कागद. आम्हांस तसे वाटत नाही. जो कागद भाकीत करीत नाही तो संभाषणास आरंभ तर करून देतो. आपल्या खेड्यांत हा आरंभ करणेच कठीण आहे. मरणाविषयी विचारले तर मनात नसलेला विचार घातल्यासारखे होईल, हे भय फार जुने आहे व ते सद्हेतूचे आहे. पण ते खरे ठरले नाही. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांस हे प्रश्न विचारले, अर्ध्यांस विचारले नाहीत. ज्यांस विचारले त्यांचे दुःख वाढले नाही. ज्यांचे मन आधीच खचलेले होते त्यांस उलट काहीसे हलके वाटले. पुढेही ह्या विषयाचे शोध एकत्र पाहिले गेले तेव्हा विचारल्याने अपाय झाल्याचे दिसले नाही. विचार आधी मनात असतो. आपल्या प्रश्नाने त्यास दार मिळते, एवढेच.

दाराबाहेर काय उभे आहे, ह्यावर मात्र सर्व अवलंबून आहे. सुनेच्या दाराबाहेर सासू उभी होती. काही वर्षांपूर्वीपर्यंत पोलीसही उभा होता. दंड संहितेच्या ३०९ कलमाप्रमाणे जीव देण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा होता. १९८६ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने ते कलम घटनेविरुद्ध ठरविले, १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसेच म्हटले, पण १९९६ साली पाच न्यायाधीशांनी ते मत फिरविले. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला, त्याच्या ११५ व्या कलमाने असे मनुष्य भारी ताणाखाली होते असे गृहीत धरून त्यास शिक्षा करू नये, उलट सरकारने त्याची काळजी घ्यावी, असे ठरले. १ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या न्याय संहितेत ते जुने कलम राहिले नाही. लोकसेवकास त्याच्या कामापासून अडविण्यासाठी केलेला प्रयत्न एवढाच गुन्हा राहिला. ज्या काळी ‘पूर्वी कधी प्रयत्न केला होता काय’ ह्या प्रश्नास ‘होय’ म्हणणे म्हणजे गुन्ह्याची कबुली होती, त्या काळच्या कागदांवरील ‘नाही’ कितपत खरे मानावे? कायदा बदलला, पण पाड्यावर अजून पुष्कळांस ते कळलेले नाही. ते कळविणे हेदेखील माप दुरुस्त करणेच आहे.

आता ज्या प्रश्नापाशी आम्ही सर्वांत अधिक वेळ घुटमळलो, तो सांगतो. नऊ प्रश्नांच्या कागदाचा आठ प्रश्नांचा एक भाऊ आहे. मरणाचा प्रश्न तेवढा त्यातून गाळलेला असतो. जेथे विचारणारा दूर आहे, टेलिफोनवर आहे, व ‘होय’ आले तर काही करणे त्याच्या हाती नाही, तेथे हा आठांचा कागद वापरतात. प्रथम वाचता आम्हांस ह्याचा राग आला. हे तर याजक व लेवी ह्यांच्यासारखे दुसऱ्या बाजूने निघून जाणे झाले, असे वाटले. नंतर वाटले, ह्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणाही आहे. ज्याच्या हाती दोर नाही त्याने विहिरीत वाकून ‘कोणी आहे काय’ असे ओरडावे, आतून उत्तर यावे, आणि त्याने ते वहीत टिपून पुढच्या विहिरीकडे जावे, ह्याहून न विचारणारा बरा. परंतु तिसरा मार्ग आहे, व तो कठीण आहे. दोर आणून मग ओरडावे.

आपल्याकडे दोर कोणता? ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, पण मुरबाडच्या घाटाखालील पाड्यावरून तेथे जावयाचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, गाडीभाडे लागते, आणि गावात नाव होते ते वेगळेच. मुरबाडास अजून आगगाडीही नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने टेली-मानस म्हणून टेलिफोनची सोय केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-बेरात्री फुकट बोलता येते, मराठीतही. हा क्रमांक प्रत्येक मंडळीच्या दारावर लिहून ठेवण्यासारखा आहे. पण डोंगराआड टेलिफोन लागत नाही तेथे हा दोरही आखूड पडतो. उरते ते गावचे मनुष्य.

आणि गावचे मनुष्य पुरते, ह्याचा दाखला आपल्याच भाषेच्या मुलखात आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचे काम झाले. गावातीलच साध्या माणसांस शिकवून त्यांनी खचलेल्यांस ओळखावे, धीर द्यावा, गरज तर वैद्यापर्यंत न्यावे, अशी त्याची रीत होती. २०१७ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दीड वर्षात, खचलेल्या शंभरांत मदत मिळविणारे ४.३ होते ते २७.२ झाले, आणि गेल्या वर्षभरात जीव देण्याचा विचार आला असे सांगणारे शंभरी ५.२ होते ते २.५ झाले. शेजारी ताडून पाहण्यास दुसरी गावे घेतलेली नव्हती, म्हणून हा सर्व बदल त्या कामानेच झाला असे म्हणता येत नाही. आणि ‘विचार आला असे सांगणारे’ कमी झाले की विचारच कमी झाला, हा आमचा जुना प्रश्न येथेही उभा आहेच. परंतु पहिल्या आकड्यास ही शंका लागत नाही. शंभरांत चार जणांस दोर मिळत होता तेथे सत्तावीस जणांस मिळाला. ज्या गावी असे झाले त्या गावी विचारण्याचा अधिकार उत्पन्न झाला, असे आम्ही समजतो.

सून खोटे बोलली काय? कित्येक सज्जन म्हणतील, खोटे ते खोटेच. आम्हांस वाटते, ज्या ठिकाणी खरे बोलण्याचे मोल एकटीनेच द्यावयाचे, व ऐकणाऱ्यास काहीच द्यावयाचे नाही, त्या ठिकाणच्या उत्तराचा दोष उत्तर देणाऱ्यावर घालता येत नाही. त्या ओट्यावर यथार्थता उणी होती ती सुनेच्या ठायी नव्हे. सासू तेथे होती, आम्ही परके पुरुष तेथे होतो (हे आम्हांस उशिरा सुचले, व त्याची आम्हांस लाज वाटली), टँकरचा भोंगा कोणत्याही क्षणी वाजणार होता. अशा वेळी कागदाने ‘नाही’ म्हटले आणि आपण ते खरे धरून निघालो, तर त्या कागदाचा उपयोग तिच्यासाठी न होता आपल्यासाठी झाला. त्याने आपणांस मोकळे केले. मापाचा हाच दुरुपयोग आम्हांस सर्वांत वाईट वाटतो. काइनाने विचारले होते की, मी भावाचा राखणदार आहे काय. आता तसे विचारावे लागत नाही, शून्य अंकाकडे बोट दाखविले म्हणजे झाले.

आम्ही आशाताईस एवढेच सांगितले की, बाई, कागदाने ‘होय’ म्हटले तर ऐक, पण ‘नाही’ म्हटले तर त्याच्यावर झोपू नकोस. आणि तुझ्या डोळ्यांनी जे पाहिले तेही मापच आहे, फक्त त्यास खण नाही. पुन्हा जा तेव्हा एकटीच जा. तिला एकटीस गाठ. विचारशील तेव्हा आडून विचारू नकोस. आपल्या बोलीत, पण स्पष्ट विचार, जीव द्यावासा वाटतो का. ‘होय’ म्हणाली तर घाबरून उपदेश करू नकोस, तिला एकटी सोडू नकोस, घरातले जे धोक्याचे असेल ते कोणाकडून तरी दूर ठेवव, आणि तिच्याबरोबर तूच आरोग्य केंद्रापर्यंत जा.

ती म्हणाली, “दादा, एवढ्याचे मला पैसे मिळत नाहीत. कागदाचे मिळतात.” हे तिने तक्रारीने म्हटले नाही, हिशेब सांगावा तसे म्हटले, आणि आम्हांजवळ त्यास उत्तर नव्हते.

पावसाच्या आधी ती आम्हांस आसनगावच्या स्टेशनाबाहेर भेटली. आम्ही न विचारताच तिने सांगितले की, ती दोनदा जाऊन आली. पहिल्यांदा सासू घरी होती, म्हणून नुसता चहा घेऊन परतली. दुसऱ्यांदा सुनेबरोबर लाकडांस रानात गेली, कागद नेलाच नाही. मोळी बांधता बांधता सून बोलू लागली, आणि तिन्हीसांज होईपर्यंत बोलत होती. काय बोलली ते आशाताईने सांगितले नाही, व आम्ही विचारले नाही. येत्या सोमवारी दोघी मिळून आरोग्य केंद्रात जावयाच्या होत्या. सासूसही बरोबर न्यावयाचे ठरले होते, गुडघे दाखवावयास.